काशिनाथआप्पांचा घोगरा

आमच्या गावच्या बाजारात त्या सकाळी गाड्या माघारी फिरवणारी आरोळी काशिनाथआप्पांनी दिली नव्हती. ती मी दिली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि त्या वर्षी ज्यांच्यासोबत चळवळीत होतो त्यांनाही नाही. न सांगता ज्यांना कळलं होतं असे एकटे आप्पाच, आणि ते आता नाहीत.

गावाचं नाव लिहीत नाही. ताडकळसला जाताना वाटेत लागतं, एवढं पुरे. आप्पांची नातवंडं तिथंच नांदतात.

निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षं. गुलाबशेठच्या आडतीवर आप्पा मापाडी होते आणि मी मुनीम. बाजारच्या दिवशी शेतकरी गाड्या घेऊन यायचे, शेठच्या ओट्यावर ज्वारीची रास पडायची आणि आप्पा राशीला मांडी लावून बसायचे. हातात लोखंडी पट्ट्यांचं जुनं लाकडी माप. ते शिगेनं भरायचं, पोत्यात ओतायचं आणि ओतता ओतता आकडा पुकारायचा. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, मग दोन, मग तीन. प्रत्येक आकड्यामागं आप्पा मला म्हणायचे, “लिव्ह.” मी रेघ ओढायचो. मी जागा आहे की नाही हे ते असं तपासतात, असं मला सुरुवातीला वाटायचं. नंतर कळलं की तो त्यांच्या आकड्याचाच शेवट होता. ‘लिव्ह’ म्हटल्याशिवाय त्यांना श्वास घेता येत नसे.

अंगानं सडपातळ, कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, आणि ऐन उन्हाळ्यातसुद्धा मानेभोवती उपरणं गुंडाळलेलं. गालात खडीसाखरेचा खडा. बाजाराच्या आदल्या दिवशी चिंच नाही, ताक नाही, भांडण नाही. गिरजाक्का, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, “माझं काय बी भांडायचं राहिलं आसंल तर मी बाजार उठायची वाट बघते. त्याआधी हे भांडणात उतरतच न्हाईत, एकटीनं किती भांडावं?”

सगळ्यात मोठा नेम मौनाचा. बाजारच्या दिवशी आंघोळ झाली की आप्पा बोलणं बंद करायचे. त्या दिवशी त्यांच्या तोंडातून निघणारा पहिला शब्द ‘लाभ’च असायचा. गाड्या उशिरा आल्या, दुपार झाली, तरी तोंड मिटलेलं. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि कुणी त्यांना मुद्दाम बोलतं करायच्या फंदात पडत नसे.

एकदा ओट्याखाली गुलाबशेठ कुणाशी तरी भावाची घासाघीस करत पाठमोरे उभे होते. कुणाचा तरी बैल दावं तोडून सरळ त्यांच्याच रोखानं निघाला. आप्पांनी पाहिलं. बोलायचं तर लाभ झालेला नाही. त्यांनी राशीतली मूठभर ज्वारी उचलली आणि शेठच्या टाळक्यावर मारली. शेठ दचकून बाजूला उडी मारतात तोवर बैल त्यांच्या धोतराला घासून गेला. शेठनी बैल पाहिलाच नव्हता. त्यांना फक्त ज्वारी कळली.

“आप्पा, येड लागलं का तुमाला? तोंड न्हाई का दिलं देवानं?”

आप्पा शांतपणे राशीशी बसले, माप भरलं, पोत्यात ओतलं आणि पुकारलं, “लाभ. लिव्ह.” मग शेठकडं वळून म्हणाले, “शेठ, बैल हुता.”

आप्पांचा आवाज घोगरा होता. गावात घोगरे आप्पा म्हटलं की दुसऱ्या कुणाकडं बोट जात नसे. पण तो शब्द कुणी ढिलेपणानं वापरला तर आप्पांना खपत नसे. माणसं ओळखायची त्यांची रीतच आवाजावरून होती. एखाद्याचं नाव विसरतील, आवाज विसरणार नाहीत. गुलाबशेठ देहानं पोत्यासारखे, पण त्यांचा आवाज आप्पांच्या लेखी किनरा. “एवढ्या मोठ्या कणगीत उंदराएवढा आवाज,” असं ते शेठच्या माघारी म्हणायचे आणि शेठना ते ठाऊक होतं. पानं विकणारी तांबोळीण खड्या आवाजाची. पाटलाचा धाकटा चिरका. पंचक्रोशीत एक भटजी होते, ते मंगलाष्टका म्हणायला लागले की नवरदेवाची घोडी बुजायची. आप्पा लग्नाहून परतताना म्हणाले, “त्यो भसाडा. आवाज मोठा आसणं येगळं आन् आवाजाला धरबंद नसणं येगळं.”

एकदा पाथरीचा एक व्यापारी माल घ्यायला आला होता. आप्पांचं माप ऐकून सहानुभूतीनं म्हणाला, “मापाडीबुवा, आवाज बसलाय तुमचा. काढा घ्या.”

आप्पांनी मोजणी मोडली नाही. रास संपली, शेवटचा आकडा पुकारला, मग उपरण्यानं हात पुसत त्या माणसाजवळ गेले. “सावकार, बसका आवाज म्हंजी बसलेला. काढा पाजला, मिठाच्या गुळण्या केल्या की उठतो. माझा बसला न्हाई. ह्यो घोगरा हाय.”

“एकच की हो ते.”

“एकच कसं? रडलेल्या माणसाचा दाटतो, त्यालाबी लोकं घोगराच म्हणत्यात. पोराला मिसरूड फुटायलंय, आवाज फुटायलाय, त्यालाबी घोगरा म्हणत्यात. समदी नावं एकाच पोत्यात भरल्यावर माल कसा वळखायचा?” मग त्या व्यापाऱ्याचा हात धरून त्यांनी तो सरळ ज्वारीच्या राशीत घातला. “हालीव बोटं. दाणा दाणा लागायलाय का न्हाई हाताला? आवाजातला दाणा आसा कानाला लागला पायजे. पीठ न्हाई, चिखल न्हाई. दाणा. त्यो घोगरा.”

व्यापारी हसत निघून गेला. मी तो हात पुष्कळ दिवस विसरलो नाही. नंतर तर मुळीच विसरता आला नाही.

आवाज असा कशानं झाला, याचं उत्तर आप्पा दरवेळी वेगळं द्यायचे. कधी ज्वारीचा कोंडा नाकातोंडात गेल्यानं, कधी मठात शिवरात्रीला रात्रभर भजन म्हटल्यानं, कधी सासऱ्याशी बोलून बोलून. मठात एक म्हातारी यायची, ती म्हणायची, तरुणपणी काशिनाथचा आवाज काचेसारखा होता. आप्पा ते कबूल करत नसत. “बिघडला न्हाई गं म्हातारे, मुरला. लोणचं तुझं पहिल्या दिवशी कसं लागतं?”

माझ्या आवाजाला त्यांनी एक नाव दिलं होतं, कोरा. मला ते लागलं होतं. मी विचारलं, कोरा म्हणजे काय?

“कोरं भांडं, मुनीम. वाईट न्हाई. काय बी वत, त्याचा वास लागंल.”

ते खरं होतं. मला लोकांच्या नकला चांगल्या यायच्या. शेठची, तांबोळणीची, भटजींची. सगळ्यात हुबेहूब आप्पांची. त्यासाठी घसा खरवडावा लागत नसे. श्वास जरा खाली धरायचा आणि आकडा जिभेवर न आणता छातीत ठेवायचा. शिवरात्रीला मठात फराळाची पंगत उठल्यावर लोकांनी आग्रह केला, तेव्हा मी आप्पांचं माप म्हणून दाखवलं, लाभ, दोन, तीन, लिव्ह. हशा झाला आणि एकदम थांबला. मी वळून पाहिलं तर आप्पा मागं खांबाला टेकून उभे.

मला वाटलं आता काहीतरी ऐकावं लागणार. ते जवळ आले, माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवली, वैद्य ठेवतो तशी. “पुन्ना म्हण.”

मी म्हटलं, “लाभ.”

“हां. दाणा हाय.” बोटं काढली. “उसना नेतोस तर ने, लेका. पण काम झालं की जागंवर ठेवत जा.”

लोक पुन्हा हसले. मीही.

त्या शेवटच्या वर्षी लेव्हीचा जाच फार होता. पीक येवो न येवो, सरकारनं ठरवलेली ज्वारी सरकारी भावानं मोजून द्यायची. निजामाविरुद्धच्या चळवळीतल्या आमच्या मंडळींनी ठरवलं की आमच्या गावच्या बाजारात लेव्ही मोजायच्या दिवशी गाड्या परत फिरवायच्या. पुढं होऊन उभं राहिलं तर सरळ तुरुंग. म्हणून ओरडण्याचं काम माझ्याकडं आलं. शेठच्या कोठाराला एक उंच खिडकी होती, पोत्यांच्या थप्पीवर चढलं की तिच्यातून सगळा बाजार दिसायचा. “तू मुनीम, तुझा वावर तिथंच. तिथनं वरड आन् खाली ये. तुला कोण बगतंय?” असं ठरलं.

आप्पांना यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांचं मत मला माहीत होतं. दाणा सरकारचा असो की सावकाराचा, माप खोटं व्हायचं नाही, याच्या पलीकडं ते जात नसत.

त्या सकाळी ओट्यासमोर गाड्या लागल्या. लेव्ही वसूल करायला आलेले अमीनसाहेब आणि त्यांचे शिपाई पाटलाच्या घरी चहाला बसले होते. आप्पा नेहमीप्रमाणे कोठाराच्या मागं विहिरीवर माप पुसायला, त्याला विभूती लावायला गेले होते. मी थप्पीवर चढलो.

तोंड उघडलं आणि मला भीती वाटली. माझा आवाज कुणीतरी ओळखील. आज विचार केला तर हसू येतं. माझा कोरा आवाज कुणालाच ओळखू आला नसता. पण भीतीला तेवढा विचार नसतो. मी श्वास खाली धरला आणि ओरडलो, “माप बंद! गाड्या फिरवा! आज कुणी दाणा मोजून द्यायचा न्हाई!”

आवाज आप्पांचा निघाला. दाणा दाणा.

बाजार थिजला. मग मला जे अपेक्षित नव्हतं ते झालं. लोक कुजबुजले नाहीत, एकमेकांना विचारलंसुद्धा नाही. मापाडी लाभ म्हणण्याआधी बोलला होता. ज्या माणसानं शेठवर बैल आला तरी तोंड उघडलं नाही, त्यानं नेम मोडला, म्हणजे काहीतरी तसंच असणार. बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या गेल्या आणि गाड्या वळायला लागल्या. माझ्या स्वतःच्या आवाजानं एकही गाडी हलली नसती.

मी थप्पीवरून उतरलो. मागच्या दारात आप्पा उभे होते, ओलं माप छातीशी धरून. त्यांनी खिडकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बोलता येत नव्हतं, लाभ झालेला नव्हता. माझ्या शेजारून ते ओट्यावर गेले.

तोवर अमीनसाहेब शिपायांना घेऊन धावत आले. गाड्या बऱ्याचशा निघून गेल्या होत्या. ते हैदराबादकडून नवेच आलेले. मराठी जेमतेम, गावच्या माणसांची ओळख नाही. ओट्यावर उभं राहून त्यांनी एकच प्रश्न धरला, “आवाज कैसी थी?”

आणि आमच्या बाजारानं तेव्हा जे केलं ते मी पुन्हा कुठं पाहिलं नाही. प्रत्येकाला वाटत होतं की आरोळी आप्पांची. प्रत्येकानं खोटं सांगितलं, आणि आप्पांनीच शिकवलेले शब्द वापरून सांगितलं.

“किनरा हुता, सायब. बाईमाणसावानी.”

“छ्या, चिरका. कानात काडी घातल्यागत.”

एक म्हातारा शेतकरी म्हणाला, “भसाडा हुता. आमच्या भटजीला इचारा, ते कुठं हुते सकाळी.” भटजी समोरच उभे होते. तशा वेळीही चारदोन माणसं हसली.

तांबोळीण म्हणाली, “मी पानं भिजवायले होते, सायेब. पान्याच्या आवाजात मला काय ऐकू येतंय?”

अमीनसाहेबांच्या लक्षात आलं असावं. ते माझ्याकडं वळले. मला उर्दू यायची, शेठचे सरकारी कागद मीच लिहायचो. “मुनीम, तुम पढ़े-लिखे आदमी. लोगां बोलते, आवाज कोठे के अंदर से आई. अंदर कौन कौन था?”

“मी... मैं और आप्पा.”

“दोनों में से एक. अब बोलो, आवाज कैसी थी?”

कुठलाही शब्द चालला असता. लोकांनी चार वाटा करून ठेवल्या होत्या, त्यातली कुठलीही धरायची होती. फार तर चार रट्टे बसले असते आणि आम्हा दोघांनाही नेलं असतं. मी म्हणालो, “घोगरी.”

“घोगरी माने?”

इथवर भीती म्हणता येईल. पुढच्याला मला आजही तसं म्हणता येत नाही. मी समजावून सांगितलं. बैठी हुई आवाज नहीं, साहब, ती काढ्यानं उठते. रोई हुई भी नहीं. मी ओट्यावर पडलेल्या शेठच्या राशीत हात घातला, मूठ वर आणली आणि अमीनसाहेबांच्या तळहातावर ज्वारी सोडली. ऐसी, साहब. दाना दाना अलग. आयुष्यात एखादा अर्थ मी इतका नीट सांगितला नसेल.

आप्पा चार हातांवर उभे होते. त्यांनी मान हलवली. नकाराची नव्हे. पोरानं उत्तर बरोबर दिलं की पंतोजी हलवतो तशी.

“तुम बोलो,” अमीनसाहेब त्यांना म्हणाले. “नाम बोलो अपना.”

आप्पा गप्प.

तोच म्हातारा शेतकरी पुढं झाला. “सायब, ते बोलत न्हाईत आत्ता. लाभ झाल्याबिगर तोंड उगडत न्हाईत. नेमच हाय त्यांचा. मग ते कसं वरडतील, तुमीच सांगा?” त्याला बिचाऱ्याला वाटलं, यानं सुटका होईल.

अमीनसाहेबांनी विचारलं, लाभ म्हणजे काय? कुणीतरी सांगितलं. ते हसले. “तो नापो. हम भी सुनते.”

आप्पा राशीशी बसले. नेहमीसारखी मांडी घातली. माप भरलं, शीग नीट केली. एकदा ते भरलं की मुकाट ओतता येत नाही. भरलेलं माप न पुकारता सांडणं हे आमच्याकडं रास बुडवण्यासारखं. पुकारलं तर काय होणार हे ओट्यावरच्या प्रत्येकाला कळत होतं. तांबोळीण हळूच म्हणाली, “आप्पा, खोका. नुसतं खोका.”

त्यांनी माप पोत्यावर कलतं केलं आणि भर बाजारात, वेशीपर्यंत ऐकू जाईल असं पुकारलं, “लाभ!”

अमीनसाहेबांनी आपल्या तळहातावरच्या ज्वारीकडं पाहिलं.

आता आप्पांना बोलायला मोकळीक होती. नेम पुरा झाला होता. माझ्याकडं बोट करून एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्याकडं वळलेही. म्हणाले, “लिव्ह.”

आणि मी रेघ ओढली. हाताला सवय होती.

त्यांना घेऊन गेले. संध्याकाळी आमच्या मंडळींना मी सांगितलं की मी खिडकीपर्यंत पोचण्याआधीच आप्पा ओरडले. त्यांना ते पटलं. एवढंच नाही, अभिमान वाटला.

आप्पा सुटून आले तेव्हा त्यांच्या मुलानं सांगितलं की चौकीत गळ्यावर काठी आडवी धरली होती. आणखी कोण होतं सामील, हे विचारत होते. आप्पांनी एकही नाव दिलं नाही. आवाज राहिला नव्हता. जे निघायचं ते हवा असायची, जात्यात दाणा नसताना नुसती वरची पाळी फिरावी तशी. मापाडीपण दुसऱ्याकडं गेलं. लोक मात्र घरी येऊन पाया पडायचे. कुणी विचारायचं, “आप्पा, आमच्यासाटी लाभाआदी बोललाव ना तुमी?” आप्पा दोन्ही हात हलवून नको नको म्हणायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

मी ज्येष्ठमध घेऊन गेलो होतो. सांगायचं ठरवून गेलो होतो. गिरजाक्का चुलीशी होती, म्हणाली, “पहिलं शेजारीपाजारी म्हणायचे, हळू बोला. आता मीच म्हणायलेय, जोरात बोला. ऐकत न्हाईत.” मी ज्येष्ठमधाची पुडी पुढं ठेवली. माझं तोंड उघडेना. आप्पांनी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं. मग पुढं झुकून, मला ऐकू येईल एवढ्या हवेनं म्हणाले, “बसका हाय. उठंल.”

त्यांच्याच व्याख्येनं तो बसका नव्हता. ते त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. ज्या माणसानं परगावच्या व्यापाऱ्याला तो शब्द वापरू दिला नव्हता, त्यानं तो माझ्यासाठी वापरला. मी तो घेतला आणि घरी आलो.

मग राजवट गेली. त्यानंतरच्या पहिल्याच बाजारात लोकांनी आप्पांना बोलावून आणलं. गुलाबशेठनी स्वतः माप पुसून त्यांच्या हातात दिलं. बाजार गच्च भरला होता, पेडगावकडचीसुद्धा माणसं आली होती, ज्यांच्या आवाजानं गाड्या फिरल्या ते आप्पा कसे आहेत ते बघायला. मी नेहमीच्या जागी, हातात टाक.

आप्पा राशीशी बसले. विभूतीचे पट्टे, गळ्यात उपरणं. माप भरलं, उचललं, पोत्यावर धरलं. ओठ हलले. हवा आली. पुन्हा हलले. समोर सगळे थांबलेले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. उजवा हात मापाला होता, डाव्या हाताची दोन बोटं त्यांनी आपल्या गळ्यावर ठेवली, आणि मग ती माझ्याकडं केली.

मला कळलं. ते आवाज मागत होते. तो माझ्याकडं होता, शाबूत. मी श्वास खाली धरून एकदा ‘लाभ’ म्हटलं असतं तर त्या बाजारातल्या प्रत्येकाला, मागची आरोळी कुणाची ते त्या क्षणी कळलं असतं. आप्पांनाही ते कळत होतंच. तरी त्यांनी बोटं खाली घेतली नाहीत.

मी म्हटलं, “लाभ.” माझ्या आवाजात. कोऱ्या.

लोकांना काही वावगं वाटलं नाही. मापाड्याचा घसा गेलाय, मुनीम पुकारतोय, झालं. आप्पांनी माप तसंच धरून ठेवलं, जरा वेळ, अजून काही येतंय का ते ऐकत असल्यासारखं. मग ओतलं. ओठांनी म्हणाले, लिव्ह. मी लिहिलं. ते उठले, उपरण्यानं माप आतून बाहेरून पुसलं, माझ्या पुढ्यात ठेवलं आणि मठाच्या गल्लीनं निघून गेले. जाताना दोन्ही बाजूंची माणसं वाकत होती आणि ते हात हलवून नको नको म्हणत होते. मला शेवटचे दिसले ते असे, पाठमोरे.

पुढं मी परभणीला आलो, स्वतःचं दुकान काढलं. चळवळीतला म्हणून एकदा शाल-नारळ मिळाला, तो मी घेतला. आप्पा गेल्याचं कळलं तेव्हा मी मातीला गेलो नाही.

तो आवाज मला अजून काढता येतो. दुकानात एकटा असताना करून पाहिलं आहे. दाणा तसाच आहे. हे सगळं कागदावर उतरवलं, पण लिहिणं मला पहिल्यापासून सोपं होतं, मुनीमच मी. आप्पांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी लिहिलं, पुकारायला सांगितलं तेव्हा पुकारलं नाही. गावच्या बाजारात, त्याच ओट्यावर उभं राहून, लोकांसमोर आप्पांच्या आवाजात लाभ म्हणायचं आणि ती आरोळी माझी होती असं सांगायचं, एवढं देणं माझ्याकडं राहिलेलं आहे.